दप्तरातील पूर्वज : सार्वजनिक ग्रंथालय आणि स्थानिक इतिहासाचा संग्रह

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा तसाच सिंहावलोकनाचाही असतो. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका सिद्ध होऊ लागली की काही प्रश्न हटकून उभे राहतात. आरंभीच्या सभासदांची यादी कोठे मिळेल? पहिल्या सभांची इतिवृत्ते कोणाच्या कपाटात आहेत? मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांची नावे कोणत्या वहीत लिहिलेली होती? अवघ्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टींसाठी इतकी शोधाशोध करावी लागते, तर दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी हे कुटुंब कोठून आले, कोणत्या पेठेत स्थिरावले, कोणत्या व्यवसायावर उभे राहिले, हे सांगणार कोण? पूर्वी हे सांगणारी वडीलधारी मंडळी घरोघरी होती. त्यांच्या मागे स्मरण उरत नाही. उरतात ते कागद. आणि तेही किती दिवस उरतील, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते, तेव्हा माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. त्यांत कीर्द-खतावण्या असतात, मोडीतील खते असतात, जुन्या लग्नपत्रिका आणि छायाचित्रे असतात. वाचता येत नाही म्हणून त्यांचे मोल कळत नाही, आणि मोल कळत नाही म्हणून ते रद्दीच्या वजनाने विकले जातात. घरात राहिलेला कागद फार तर दोन-तीन पिढ्या टिकतो. सार्वजनिक ठिकाणी नीट नोंद होऊन ठेवलेला कागद मात्र कुटुंबाचा राहूनही गावाचा होतो. एका घराची वंशावळ दहा घरांच्या वंशावळींशेजारी ठेवली म्हणजे तिचा ग्रामेतिहास बनतो. हे काम करण्यास सर्वांत योग्य जागा कोणती, याचा विचार केला तर उत्तर एकच येते : गावाचे सार्वजनिक ग्रंथालय.

व्यापाऱ्याचे कागद आणि एका नगराचा इतिहास

सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा आणि वंशावळींचा स्वतंत्र विभाग असावा, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत फार पूर्वीच रुजली. तिचे स्वरूप समजण्यासाठी अमेरिकेतील डेट्रॉइट नगराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. क्लॅरन्स मन्रो बर्टन (१८५३-१९३२) हे तेथील एक वकील. जमिनीच्या मालकीहक्काचा पूर्वापार तपास करून देणे हा त्यांचा व्यवसाय होता. अमुक जागा आज ज्याच्या नावावर आहे, त्याच्याकडे ती कोणाकडून आली, त्याच्याही आधी कोणाची होती, मूळ मालकाचे वारस कोण, अशी साखळी त्यांना जुळवावी लागे. आपल्याकडे सात-बारा आणि फेरफाराच्या नोंदी तपासताना जे घडते, तेच तेथे घडत होते. जमिनीचा माग काढता काढता बर्टन माणसांचा माग काढू लागले. जुनी पत्रे, दस्तऐवज, हिशेबाच्या वह्या, नकाशे आणि पुस्तके त्यांनी आयुष्यभर जमविली.

हा संग्रह त्यांनी १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयास दान दिला. ‘बर्टन ऐतिहासिक संग्रह’ या नावाने तो आजही त्या ग्रंथालयाचा एक विभाग आहे. त्यातील जॉन आस्किन या अठराव्या शतकातील व्यापाऱ्याचे कागद पुढे १९२८ आणि १९३१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. आस्किन हा काही राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. माल मागविणे, उधारी वसूल करणे, भागीदारांना पत्रे लिहिणे, हेच त्याचे आयुष्य. परंतु त्या व्यवहारातूनच त्या सीमावर्ती वसाहतीचा बाजार, तेथील कुटुंबे आणि त्यांचे परस्परसंबंध इतिहासकारांना उलगडता आले. व्यापारी घराण्यांनी हे उदाहरण विशेष लक्षात घ्यावे असे आहे. ज्या वहीत घरच्यांना निव्वळ जमा-नावे दिसते, त्याच वहीत अभ्यासकाला गावाचा संसार दिसतो.

दुसरे उदाहरण त्याच देशातील इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या नगराचे. न्यूयॉर्क-शिकागोच्या तुलनेत हे नगर लहान. तेथील ॲलन काउंटी सार्वजनिक ग्रंथालयाने १९६१ मध्ये वंशावळींचा स्वतंत्र विभाग सुरू केला. ग्रंथपाल फ्रेड रेनॉल्ड्स यांच्या दूरदृष्टीतून उभा राहिलेला हा विभाग आज त्या देशातील सार्वजनिक ग्रंथालयांमधील सर्वांत मोठा वंशावळी-संग्रह मानला जातो. स्थानिक इतिहासाच्या नियतकालिकांत विखुरलेल्या लेखांची सूची तयार करण्याचे किचकट कामही तेथील सेवकवर्गाने हाती घेतले आणि वर्षानुवर्षे चालविले. पुढे १९७६ मध्ये ॲलेक्स हॅली यांचे ‘रूट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आपल्या पूर्वजांचा शोध घेण्याची ओढ सामान्य माणसांतही वाढली. वंशावळ ही सरदार-जहागीरदारांचीच मिरास आहे, हा समज तेव्हा मागे पडला. या विभागांत येणाऱ्याला कोणी कुळ विचारत नाही. येणाऱ्याने नाव, गाव आणि साधारण काळ सांगावा, आणि ग्रंथपालाने त्यास योग्य कागदापर्यंत पोहोचवावे, एवढाच तेथील शिरस्ता आहे.

आपल्याकडील साधने

महाराष्ट्रात इतिहाससाधनांची परंपरा दरिद्री नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दप्तराच्या रुमालांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत बाहेर पडले. महजर, निवाडपत्रे, वतनपत्रे आणि करीने यांतून शेकडो घराण्यांच्या पिढ्या उजेडात आल्या. वतनाचा तंटा उभा राहिला की वंशावळ सांगावी लागे, आणि सांगितलेली वंशावळ सरकारी दप्तरात कायम होई.

परंतु ज्यांच्याकडे वतन नव्हते, त्यांचे काय? जैन समाजातील काही घराण्यांकडे पाटीलकी होती, काही शेटे-महाजन म्हणून पेठांचे मानकरी होते. परंतु मोठा वर्ग हा व्यापारी, कारागीर आणि कष्टकरी शेतकऱ्यांचा. त्यांचा इतिहास राजदप्तरात क्वचितच सापडतो. तो सापडतो तो अन्य चार ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे मूर्तींची पादपीठे. जिनबिंबाच्या आसनावर कोरलेला लेख बहुतेक वेळा दोन-चार ओळींचाच असतो, पण त्याची रचना एखाद्या नोंदवहीसारखी काटेकोर असते. संवत्, मास, तिथी. मग संघ, गण आणि गच्छ. प्रतिष्ठाचार्य भट्टारकांची परंपरा. आणि अखेरीस दात्याची ज्ञाती, गोत्र, त्याचे नाव, पत्नीचे नाव, पुत्रांची नावे. संवत् १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेस भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते मुडासा नगरीच्या जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठित करविलेल्या मूर्ती आज देशभरातील असंख्य दिगंबर मंदिरांत आढळतात. महाराष्ट्रातील अनेक मंदिरांतही आहेत. आपल्या गावातील मंदिरात ती तिथी कोरलेली मूर्ती असेल, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या एका गृहस्थाचे नाव रोज अभिषेकाच्या वेळी डोळ्यांसमोर असते. केवळ ते वाचले जात नाही. मराठीच्या अत्यंत प्राचीन लेखांत ज्याची गणना होते, तो श्रवणबेळगोळ येथील लेखही गोमटेश्वराच्या चरणांपाशीच आहे, आणि ही मूर्ती चामुंडरायांनी करविली, असे तो सांगतो. करविणाऱ्याचे नाव नोंदविण्याची ही प्रथा इतकी जुनी आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटी येणारी प्रशस्ती. ग्रंथ कोणी लिहविला, कोणास अर्पण केला, कोणत्या नगरात, कोणाच्या राज्यात, कोणाच्या पुण्यस्मरणार्थ, हे सारे तेथे नमूद असते. मुनी जिनविजय यांनी अशा प्रशस्ती एकत्र करून १९४३ मध्ये ‘जैन पुस्तक प्रशस्ति संग्रह’ प्रसिद्ध केला, तेव्हा एकेका पोथीच्या शेवटच्या पानावर केवढी कुलपरंपरा दडलेली असते, हे विद्वानांच्या ध्यानी आले.

तिसरे ठिकाण म्हणजे व्यवहाराच्या वह्या. रोजकीर्द, खतावणी, हुंड्यांची नोंद, दुकानातील भागीदारीची खते. गुजरातेतून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत वहीवंचा बारोटांच्या वह्यांचाही येथे उल्लेख करावयास हवा. पिढ्यान्‌पिढ्या यजमान कुटुंबांत जाऊन नवी नावे उतरवून घेणे आणि जुनी वाचून दाखविणे, हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी आपल्या एका सहकाऱ्यासमवेत १९५८ मध्ये त्यांच्यावर लिहिलेला अभ्यासलेख आजही प्रमाण मानला जातो.

चौथे ठिकाण म्हणजे समाजाची स्वतःची छापील साधने : सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी सुरू केलेला ‘जैन बोधक’, १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ‘प्रगति आणि जिनविजय’, वसतिगृहांचे अहवाल, देणगीदारांच्या याद्या, चातुर्मासाच्या पत्रिका, निधनवार्ता. कोल्हापूरच्या १९०१ साली सुरू झालेल्या जैन बोर्डिंगसारख्या संस्थांच्या जुन्या विद्यार्थी-नोंदींतून खेड्यापाड्यांतील किती मुले शिक्षणासाठी शहरात आली, याचा माग लागू शकतो. कर्मवीर भाऊराव पाटील हेही विद्यार्थिदशेत याच बोर्डिंगमध्ये राहत होते. मोठ्या माणसांची नावे चरित्रांत येतात. त्यांच्या शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याचे नाव मात्र नोंदवहीतच सापडते.

पाषाणाने जपलेली स्त्रियांची नावे

या साधनांची तुलना केली असता एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी येते. आपल्या घरोघरी लिहिलेल्या वंशावळी पाहाव्यात. पित्याखाली पुत्र, पुत्राखाली पौत्र, अशी ती शाखा उतरत जाते. कन्या बहुधा गाळलेल्या असतात, आणि सुनांची नावे असली तर असली. उलट मूर्तिलेखांत आणि प्रशस्तींत दात्याच्या नावापाठोपाठ त्याच्या भार्येचे नाव येते, पुत्रांबरोबर पुत्रवधूंचीही नावे येतात. कित्येक ठिकाणी तर मूळ दानच एखाद्या श्राविकेचे असते आणि पतीचे नाव तिच्या परिचयापुरते येते.

दान हे स्वतःच्या पुण्यासाठी असल्याने ते ज्याचे त्याच्या नावेच लिहावे लागे. वंशावळ मात्र पुष्कळदा वारसाहक्कासाठी लिहिली जाई आणि तेथे पुरुषांचीच नावे पुरेशी मानली जात. हेतू बदलला की नोंद बदलते. म्हणूनच एका साधनावर विसंबून कुटुंबाचा इतिहास लिहिला तर तो अर्धाच राहतो. वंशावळ, मूर्तिलेख, पोथी आणि वही ही साधने एका छताखाली, एका सूचीत आली तरच आजीच्या आजीचे नाव पुन्हा सापडण्याची आशा धरता येते. हे एकत्र आणण्याचे काम कोणतेही एक कुटुंब करू शकत नाही.

जे समोर आले ते तरले

जैन समाजाला संग्रहाची महती कोणी नव्याने सांगावी असे नाही. ज्ञानपंचमीस आणि श्रुतपंचमीस पोथ्या बाहेर काढणे, त्यांना हवा देणे, धूळ झटकणे, नवी बासने बांधणे, ही प्रथा म्हणजे ग्रंथरक्षणाची वार्षिक व्यवस्थाच होय. तथापि ज्ञानभांडारांच्या इतिहासात दोन प्रवृत्ती दिसतात. एक जपण्याची आणि दुसरी झाकण्याची. त्यांतील भेद सांगणारी उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत.

मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके सुरक्षित होत्या. भाविक तेथे दर्शनास जात. ग्रंथ वाचले मात्र जात नसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या प्रती करविण्यासाठी खटपट सुरू केली. पुढे अनेक हातांतून, अनेक अडचणींतून हे काम सरकत राहिले आणि १९३९ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले. ताडपत्र एका जागी होते तोवर एका आगीचे, एका पुराचे, एका वाळवीचे भय होते. छापील प्रत शेकडो ग्रंथालयांत पोहोचली, तेव्हा ते भय संपले. शेठ हिराचंद नेमचंद यांचे नाव सोलापुरातील सार्वजनिक वाचनालयास दिलेले आहे, हा केवळ योगायोग नव्हे. ज्ञान खुले करण्याच्या त्यांच्या वृत्तीचे ते उचित स्मारक आहे.

पाटण येथे निरनिराळ्या उपाश्रयांतील आणि पाड्यांतील भांडारे एकत्र करून हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले तेही १९३९ मध्येच. आगमप्रभाकर मुनी पुण्यविजय यांच्या परिश्रमांमुळे तेथील पोथ्यांची व्यवस्था लागली आणि त्या अभ्यासकांच्या हाती आल्या. प्रत्येक पाड्याने आपले भांडार आपल्यापाशीच ठेवण्याचा आग्रह धरला असता तर हे घडले नसते.

विदर्भातील कारंजा (लाड) हे तिसरे उदाहरण. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांच्या मंदिरांत तेथे समृद्ध ग्रंथभांडारे होती. राय बहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध केली, त्यात या भांडारांतील ग्रंथ नोंदविले गेले. सूची छापली गेल्यानंतर काही वर्षांतच महाकवी पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये प्रकाशात आली : प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आणि प्रा. हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये.

येथे एक सावधगिरीची सूचना ओघाने येते. सूचीकार राय बहादूर हिरालाल हे एक. धवलेचे संपादक प्रा. हिरालाल जैन हे दुसरे. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची करणारे हिरालाल रसिकदास कापडिया हे तिसरे. तिघेही एकाच काळातील, तिघांचेही कार्य हस्तलिखितांशी निगडित. इतक्या नामवंतांच्या बाबतीतही घोटाळा होऊ शकतो, तर एकाच गावातील, एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन गृहस्थांची गल्लत वंशावळीत किती सहज होईल! आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल असलेल्या घराण्यांत तर दोन पिढ्यांचे एक माणूस होऊन बसते. म्हणून नुसत्या नावावरून नाते जोडू नये. पित्याचे नाव, गाव, गोत्र, व्यवसाय आणि काळ यांपैकी किमान दोन-तीन गोष्टी जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या समजू नयेत, हा वंशशास्त्राचा पहिला नियम होय.

विखुरलेल्या लहान नोंदींतून काय उभे राहू शकते, याचा उत्तम दाखला म्हणजे विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत तो १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. मूर्तिलेख, प्रशस्ती आणि पट्टावली यांतील त्रोटक उल्लेख एकत्र करून त्यांनी अनेक भट्टारकपीठांच्या परंपरा कालानुक्रमे लावल्या. त्यातील एकही ओळ एकटी पाहिली तर इतिहास वाटत नाही. एकत्र मांडल्यावर मात्र कित्येक शतकांचा पट उलगडतो.

शंका आणि त्यांचे निरसन

कागद सार्वजनिक ग्रंथालयास द्यावेत असे म्हटले की काही शंका स्वाभाविकपणे पुढे येतात, आणि त्या अनाठायी नाहीत.

पहिली शंका खासगीपणाची. खतावणीत कोणाचे कर्ज आहे, कोणाचे गहाण आहे. पत्रांत दत्तकाची, वाटणीची, कलहाची हकीकत आहे. ती चारचौघांत आली तर? या शंकेचे उत्तर दानपत्रात आहे. अमुक कागद अमुक वर्षे कोणास दाखवू नयेत, हयात व्यक्तींविषयीच्या नोंदी बंद ठेवाव्यात, अशा अटी घालूनच संग्रह स्वीकारण्याची पद्धत जगभरच्या अभिलेखागारांत रूढ आहे. झाकणे आणि नष्ट होऊ देणे यांत अंतर आहे. मुदतीपुरते झाकलेले पुढच्या पिढीला उपलब्ध होते, नष्ट झालेले कोणालाच नाही.

दुसरी शंका मालकीची. पूर्वजांची वही घराबाहेर कशी द्यावी? ज्यांना मूळ कागद देववत नसेल त्यांनी त्याची स्वच्छ प्रतिमा द्यावी. आजच्या साधनांनी हे काम सुलभ झाले आहे. मात्र प्रतिमा काढली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. यंत्रे बदलतात, साठवणुकीची साधने निकामी होतात. चांगला हातकागद मात्र दोनशे वर्षांनंतरही वाचता येतो.

तिसरी शंका ग्रंथालयांच्या क्षमतेविषयी. भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. राज्यात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत, त्यांतील नाशिकच्या १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी काही शतकोत्तर आहेत. परंतु अनेक ग्रंथालयांकडे जागा अपुरी, सेवक अपुरे आणि अनुदान तुटपुंजे, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. यावर उपाय म्हणजे केवळ कागद देऊन मोकळे न होता, ते ठेवण्यासाठी लागणारे कपाट, पेट्या आणि सूचीकाराचे मानधन यांचीही तरतूद करणे. दानाबरोबर त्याच्या निर्वाहाची व्यवस्था करावी, ही रीत मंदिरांच्या बाबतीत समाज पाळत आलाच आहे.

काय करता येईल

या कार्यास मोठा निधी किंवा भव्य वास्तू आरंभीच लागत नाही. क्रम ठरवून काम केले तर प्रत्येक गावात ते होऊ शकते.

प्रथम मंदिरातील मूर्तिलेखांची नोंद करावी. जीर्णोद्धाराचे काम सुरू होण्यापूर्वी ही नोंद होणे अगत्याचे आहे. कारण नव्या वेदीत पादपीठाचा भाग झाकला जातो, आणि घासून चकाकी आणताना अक्षरे पुसट होतात. लेखाचे छायाचित्र घ्यावे व वाचन करताना मूळ शब्द आहेत तसेच उतरावेत, ‘शुद्ध’ करू नयेत. मिती मूळ संवतात लिहून मगच इसवी सन द्यावे. विक्रम संवत् चैत्रादी धरला तर १५४८ चा वैशाख हा इसवी सन १४९१ मध्ये येतो, आणि कार्तिकादी धरला तर १४९२ मध्ये. मूळ मिती नोंदीत असेल तर पुढील अभ्यासकास ही दुरुस्ती करता येते. नसेल तर चूक कायमची राहते.

दुसरे, घरोघरच्या कागदांची केवळ यादी करावी. कोणाकडे काय आहे, कोणत्या लिपीत आहे, कोणत्या वर्षांचे आहे, एवढेच. बासनातील कागदांचा मूळ क्रम मोडू नये; कोणत्या कागदाशेजारी कोणता होता, यालाही अर्थ असतो. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, कागदास प्लॅस्टिकचे कायमचे आवरण घालू नये, आणि नोंद करताना शाईऐवजी पेन्सिल वापरावी.

तिसरे, मोडी वाचणारे तयार करावेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली आणि ती सहजपणे वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या जुन्या दप्तरांचे महत्त्व आणि मोडी जाणकारांची वाण या दोन्ही गोष्टी सर्वांच्या नजरेस आल्या. समाजातील आठ-दहा तरुण-तरुणींनी ही लिपी शिकून घेतली तर आपल्याच घरांतील पेट्या आपल्यालाच वाचता येतील. शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्गही घेतले जातात.

चौथे, ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्यांत घरातील स्त्रियांना आधी बोलते करावे. माहेर कोणते, मावश्या-आत्या कोठे दिल्या, कोणत्या यात्रेत कोण भेटले, हा नातेसंबंधांचा विणलेला पट बहुधा त्यांच्याच स्मरणात असतो. वंशावळीतील रिकाम्या जागा भरण्याचे सामर्थ्य त्या स्मरणात आहे.

पाचवे आणि अखेरचे, या सर्वांची एक प्रत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि दुसरी अन्य गावी ठेवावी. केवळ समाजाच्या कार्यालयात ठेवली तर ती समाजापुरती राहील. आपल्या पूर्वजांच्या वहीत केवळ जैन कुटुंबांचीच नावे नसतात. तीत कोष्टी आहे, तेली आहे, बागवान आहे, शेजारच्या खेड्यातला पाटील आहे. त्यांच्या वंशजांनाही आपल्या पणजोबाचे नाव त्या वहीत शोधण्याचा तितकाच अधिकार आहे. गावाचे ग्रंथालय हेच ते ठिकाण आहे, जेथे हे सर्वजण एका मेजाशी बसू शकतात.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने समाजाला बालपणापासून शिकविली जातात. शास्त्रदान म्हणजे केवळ आगमग्रंथांची छपाई, असा संकुचित अर्थ घेण्याचे कारण नाही. ज्या कागदाने कोणास आपल्या पूर्वजांचे सत्य कळते, तो कागद वाचकासाठी खुला करणे हेही ज्ञानाचेच दान होय. अपरिग्रहाचे तत्त्व मानणाऱ्यांनी निदान ज्ञानाचा तरी परिग्रह धरू नये.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टचे जुने इतिवृत्त, पहिली देणगीवही आणि मंदिरातील मूर्तिलेखांची संपूर्ण यादी अशा तीन गोष्टी जरी व्यवस्थित सूचीबद्ध होऊन गावच्या ग्रंथालयात दाखल झाल्या, तरी हीरक महोत्सवाची स्मरणिका सिद्ध करणाऱ्यांना कोणाच्या कपाटाची किल्ली शोधत फिरावे लागणार नाही. या कार्यास समाजातील ज्येष्ठांचे आशीर्वाद आणि तरुणांचे हात लाभोत, हीच या प्रसंगी मनःपूर्वक सदिच्छा.